डिझेलची टाकी फुटली तेव्हा

पावसाळ्यापूर्वी धडगावकडच्या पाड्यांवर धान्य पोहोचवायचे होते. वाटेत एका पाड्याजवळ मुक्काम केला. पहाटे पाहतो तर आमच्या जुन्या ट्रकच्या टाकीला तळाशी भोक! झाकणाचे कुलूप तुटेना म्हणून चोरांनी टाकीच फोडली होती.

माझा संशय पाड्यावरच्या पोरांवर गेला. त्याच पोरांनी सारी पोती उतरवून ओसरीत ठेवली.

मला वेल्डिंगची घाई. मिस्त्रींनी अडवले. रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ उरते, ठिणगीने स्फोट होतो. त्यांनी टाकी काढून साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, भोकाच्या जवळपर्यंत पाणी भरले आणि मगच जोड दिला.

नवे डिझेल घातले तरी इंजिन लागेना. टाकी काढताना पाइपांत हवा शिरली होती. मी नुसता सेल्फ मारत बसलो असतो तर बॅटरी उतरली असती. मिस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेस, मग सलग धार. स्क्रू आवळला, इंजिन लागले.

पोती चढवायला तीच पोरे आली. मनातला संशय सांगून मी त्यांची क्षमा मागितली. ती हसली, मला मात्र हसता आले नाही.

आता मुक्कामी ट्रक टाकीची बाजू भिंतीलगत करून लावतो.