ओटीटी आलं, मग टीव्ही जाणार का? (पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी आणि घरी चर्चेसाठी)



पाचवीच्या परिसर अभ्यासात संदेशवहन आणि प्रसारमाध्यमे शिकवताना एक प्रश्न मुलांकडून हमखास येतो. "मोबाईलवर सगळंच दिसतं, मग टीव्ही बंद होणार का?" प्रश्न साधा वाटतो, पण घाईने 'हो' किंवा 'नाही' म्हटलं तर उत्तर चुकतं. कारण आपण ज्याला 'टीव्ही' म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

१) फुकट प्रसारण : दरमहा पैसे न भरता दिसणारं, म्हणजे दूरदर्शन आणि डीडी फ्री डिश.
२) पैसे भरून मिळणारी जोडणी : केबल आणि खाजगी डिश, म्हणजेच डीटीएच.
३) वाहिन्या : ज्या मालिका, बातम्या, सामने आपल्यापर्यंत आणतात.

ओटीटीचा धोका या तिघांना सारखा नाही. हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी थोडा इतिहास

भारतात दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वर्षी चित्र रंगीत झालं. १९९१-९२ मध्ये स्टार आणि झी आले आणि गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या. २००३ नंतर खाजगी डिश आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली स्वतःची डिश सेवा सुरू केली, तीच आजची फ्री डिश.

मग आलं ओटीटी. केबल किंवा डिश मध्ये न घेता थेट इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवांना ओटीटी म्हणतात. हॉटस्टार २०१५ चं, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ भारतात २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. ओटीटी घराघरात शिरलं ते डेटा स्वस्त झाल्यामुळे, हे मुलांना आवर्जून सांगावं.

दवंडी आणि निरोप

दोन्ही पद्धतींतला फरक समजावायला दवंडीचं उदाहरण छान लागू पडतं. गावात दवंडी पिटली की दहा माणसं ऐकोत नाहीतर हजार, दवंडीवाल्याचं काम तेवढंच राहतं. उपग्रहावरून होणारं प्रसारण असंच असतं. एकच सिग्नल सगळ्यांच्या डिशवर पडतो. बघणारे वाढले म्हणून सिग्नल पाठवण्याचा खर्च वाढत नाही.

ओटीटी म्हणजे प्रत्येक घरी वेगळा निरोप्या पाठवणं. ज्याला जेव्हा हवं तेव्हा, जिथे थांबवलं तिथून पुढे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण प्रत्येक निरोपाचा खर्च वेगळा होतो आणि त्यातला डेटाचा भाग बघणाऱ्याच्या खिशातून जातो. साध्या दर्जाचं चित्र तासाला साधारण १ जीबीपर्यंत डेटा घेतं, एचडी असेल तर ३ जीबीपर्यंत. रोज दीड जीबीचा रिचार्ज असलेल्या घरात एचडी सिनेमा अर्धासुद्धा होत नाही.

मग धोका कोणाला?

सगळ्यात जास्त धोका दुसऱ्या गटाला, म्हणजे केबल आणि खाजगी डिशला. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०२० च्या अखेरीस देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सुमारे ७ कोटी होते. २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. हे सगळे ओटीटीकडेच गेले असं मात्र समजू नये. काही घरं फ्री डिशकडे वळली. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीलाच १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. 'बघतो चार वाहिन्या, मग एवढं कशाला भरायचं?' हा हिशेब लोकांनी तेव्हापासून करायला सुरुवात केली. केबलवालेही शहाणे झालेत. बरेच जण आता त्याच ग्राहकाला इंटरनेटची जोडणी देतात.

वाहिन्यांचं काय? त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवलाय. स्टार प्रवाहची मालिका टीव्हीवर लागते, तशी ॲपवरही दिसते. झी मराठीचं झी ५, सोनी मराठीचं सोनी लिव्ह. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम १८ यांचे व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार हे एकच ॲप झालं. म्हणजे स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि हे ॲप आता एकाच घरचे. 'टीव्ही विरुद्ध ओटीटी' अशी कुस्ती रंगवली जाते, पण इथे दोन्ही पैलवान एकाच तालमीचे आहेत.

पैसा कुठे सरकतोय हे आयपीएलवरून दिसतं. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी भारतीय उपखंडातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे दोन भाग मिळून २३,७५८ कोटींना. डिजिटलने टीव्हीला थोडक्यात मागे टाकलं. मोठे सामने आणि मोठ्या जाहिराती ॲपकडे गेल्या की टीव्हीवर नवीन, चांगलं करायला पैसा कमी पडणार. खरी काळजी इथे आहे.

आणि फुकट प्रसारण? छतावरच्या अँटेनाचे दिवस संपले. जुने ट्रान्समीटर मोजके सोडून बंद झाले. पण फ्री डिश टिकून आहे. डिश आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच खर्च, पुढे मासिक शुल्क शून्य. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फीत 'वेव्हज्' हे स्वतःचं ओटीटी सुरू केलं.

आपल्यासाठी हे महत्त्वाचं का?

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर लिंका पाठवल्या. पण लिंक उघडायला फोन लागतो, डेटा लागतो आणि फोन घरात असावा लागतो. तो वडिलांबरोबर कामावर गेला की मुलाची शाळा संध्याकाळपर्यंत बंद. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. वेळ ठरलेली, भाषा आपली आणि डेटाची गरज नाही. घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन करायच्या कृती त्यात होत्या. केंद्र सरकारनेही त्याच वर्षी पीएम ई-विद्यात प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी, अशी योजना आणली.

टीव्हीही प्रत्येक घरात नव्हता, हे खरं. वीजही जात होती. तरी एका घरात दोन-तीन मुलं असतील तर एका फोनपेक्षा एक टीव्ही जास्त उपयोगी पडला. म्हणून ज्याला जमेल त्याने ओटीटी खुशाल घ्यावं, पण सगळ्यांपर्यंत फुकट पोचणारी एक वाट कायम राहायला हवी. ती ओस पडली तर आधी नुकसान होईल ते आपल्या वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाचं.

वर्गात घेण्यासारखे उपक्रम

१) आजी-आजोबांची मुलाखत : त्यांच्या लहानपणी टीव्ही कोणाच्या घरी होता? कोण कोण जमायचं? आज घरात एकत्र बसून काय बघतात?
२) गणित : १३० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावून महिन्याचा आणि वर्षाचा खर्च काढा. (उत्तर : १५३.४० रुपये आणि १,८४०.८० रुपये.)
३) डेटाचा हिशेब : तासाला १ जीबी धरून दीड जीबीत किती वेळ बघता येईल? दोन भावंडांनी वेगवेगळ्या वेळी बघितलं तर प्रत्येकाला किती?
४) वादविवाद : 'ठरलेल्या वेळी बघणं चांगलं की हवं तेव्हा बघणं?'

एक सूचना. 'कोणाकडे टीव्ही नाही, हात वर करा' असं विचारू नका. चिठ्ठीवर नाव न लिहिता माहिती घ्या. आकडा तोच मिळतो, फक्त कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

पालकांसाठी एक काम. या रविवारी केबल किंवा डिश, रिचार्ज आणि ॲपची वर्गणी यांची बेरीज मुलांना सोबत घेऊन करा. कशासाठी किती पैसे जातात आणि त्यातलं प्रत्यक्ष किती बघितलं जातं, ते मुलांनाच शोधू द्या.

तुमच्या वर्गात काय उत्तरं आली ते जरूर कळवा.