सागाच्या डेकला पटाशी लावण्याआधी

तू घेतलेली ती यॉट फायबरची आहे, वर सागाच्या पट्ट्या बसवलेल्या, आणि वयानं तुझ्यापेक्षा मोठी. मालक म्हणेल, डेक काळा पडलाय, झिजलाय, सगळा उपटून नवा टाका. लगेच हो म्हणू नकोस. आधी दोन दिवस नुसतं बघायला माग. हे दोन दिवस मी कुठल्याच मालकाला सोडले नाहीत, तूही सोडू नकोस.

साग सहसा कुजत नाही. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ नावाचं सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. कुजतं ते सागाखालचं. तुझ्या यॉटच्या डेकमध्ये फायबरचे दोन थर असणार आणि त्यांच्यामध्ये बहुतेक बाल्साच्या हलक्या लाकडाचा भराव. जुन्या कारागिरांनी पट्ट्या वरून स्क्रूनं आवळल्या. एवढ्या डेकला असे शेकडो स्क्रू लागतात, आणि प्रत्येक स्क्रू वरच्या थराला भोक पाडून भरावात शिरलेला असतो. पट्ट्यांच्या सांध्यांतलं सीलंट सुटलं की पाणी स्क्रूच्या आट्यांवरून खाली उतरतं आणि बाल्साचा चिखल करतं. म्हणून डेकवर उभं राहून सागाकडे बघताना मन त्याच्या खाली ठेवायचं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी खारं पाणी ओतून सगळा डेक भिजव. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा एकदा ओत आणि ऊन वर येईपर्यंत तिथेच बसून राहा. पट्ट्या सुकून फिक्या होतात, पण जिथे काळं सीलंट लाकडापासून सुटलंय तिथे सांध्याच्या कडेला ओली गडद रेघ मागे राहते. ती रेघ दिसेल तिथे खडूनं खूण कर. ऊन चढलं की रेघा पुसल्या जातात, मग दिवसभर शोधून सापडत नाहीत. त्यानंतर हातोडीच्या दांड्यानं वीतभर अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर खाली घट्ट आहे. आवाज भदभद येऊ लागला की तिथे भराव सुटलाय किंवा भिजलाय. आवाज बदलतो त्या हद्दीवरही खडू फिरव. खात्रीसाठी तिथला एखादा स्क्रू काढून बघ. भोकातून तपकिरी पाणी आलं आणि कुबट वास आला, तर वरचं लाकूड कितीही देखणं असो, ते उचलावंच लागेल.

आता जाडी मोज. स्क्रू झाकणारा एखादा लाकडी डट्टा काढून स्क्रूच्या डोक्यापर्यंत खोली बघ, आणि झाकणाच्या चौकटीशी पट्टीची उघडी कड मिळाली तर तिथेही माप घे. असल्या डेकला मूळ पट्टी साधारण १० ते १२ मिलीमीटर असते. आता ६ च्या वर असेल, खालून आवाज टणक असेल आणि रेघा थोड्या असतील, तर डेक वाचवायचा. आपला रोज कमी होईल, होऊ दे. पिकलेला साग तयार व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं. तो उगाच उपटून फेकणं मला पटत नाही.

वाचवायचं म्हणजे सांधे नव्यानं भरायचे. जुनं सीलंट उकरायला बाजारात हत्यार शोधू नकोस. जुन्या कानशीची शेपटी तापवून काटकोनात वाकव, सांध्याच्या रुंदीला घास आणि धार लाव. असा आकडा हातात असला की लाकूड न दुखावता सगळं निघतं. राउटर चालवायचाच असेल तर पट्टीला लाकडी कांब बांधून तिच्या आधारानं चालव, मोकळ्या हातानं कधीच नाही. खाच साफ झाली की खोली बघ. ४५ मिलीमीटर रुंद पट्टीला ४ रुंद आणि ६ खोल खाच हवी. उथळ खाचेत सीलंट धरत नाही. तळाशी पातळ टेप टाक म्हणजे सीलंट दोन्ही भिंतींनाच चिकटेल. तळालाही चिकटलं तर पट्टी हलली की ते ताणायला जागा उरत नाही आणि फाटतं. सागात तेल असतं, म्हणून भिंती अ‍ॅसिटोननं पूस, थोडा वेळ उडू दे, मग कंपनीनं सांगितलेला प्रायमर लाव आणि त्याच दिवशी भर.

भरायची वेळ दुपार उतरल्यानंतरची. सकाळी भरलंस तर लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि सीलंटमध्ये बुडबुडे येतात. उतरत्या उन्हात उलटं होतं. नळीचं तोंड तळाशी टेकवून मागे सरकत भर, वर उंचवटा राहू दे. आठ-दहा दिवस त्याला हात लावायचा नाही, मालक कितीही घाई करो. मगच पॉलिश पेपर. खिडकीला लावतात ते सिलिकॉन डेकजवळ आणू देऊ नकोस. ते एकदा लाकडाला लागलं की त्यावर पुढचं काहीच चिकटत नाही, भिंत तासूनच काढावी लागते.

डट्टे निघालेले असतील तर खालचा स्क्रू काढून टाक. पट्टी खालच्या लुकणात बसेपर्यंत तिला दाबून धरणं एवढंच त्याचं काम होतं, आता तो पाण्याला वाट देतो. भोक सुकव, घट्ट इपॉक्सीनं पूर्ण भर आणि वर सागाचाच डट्टा बसव. डट्ट्याची रेषा पट्टीच्या रेषेला समांतर हवी. कापताना पटाशी एकदम तळाशी नको. पहिला छेद उंचावर घे, लाकूड कुठल्या बाजूला उतरतं ते कळेल. मग उलट्या बाजूनं सपाट कर, म्हणजे डट्टा पातळीखाली फाटणार नाही.

डेक उचलायचीच वेळ आली, तर उचलण्याआधी प्लास्टिकच्या मोठ्या कागदावर पूर्ण मापाचा नकाशा काढ. मधली जाड पट्टी, कडेच्या पट्ट्या, प्रत्येक जोड, प्रत्येक कडी. एका वेळी एकच बाजू उचल, दुसरी तुझा नमुना आहे. भराव ओला निघाला तर वरचा थर कापून सगळा ओला माल काढ, पूर्ण सुकव, नवा भराव बसवून फायबरनं बंद कर. अर्धवट ओलं ठेवून वर साग टाकणं म्हणजे मालकाला फसवणं. जुन्या स्क्रूंचं प्रत्येक भोक थोडं मोठं करून इपॉक्सीनं भर. नवा डेक चिकटवायचा, एकही स्क्रू मारायचा नाही.

लाकूड घेताना गाभ्याचंच घे. पांढरा भाग असलेली पट्टी बाजूला ठेव, ती उन्हापावसात टिकत नाही. रेषा उभी हवी, म्हणजे पट्टीच्या टोकाकडून बघितलं तर वलयं उभी दिसली पाहिजेत. आडव्या रेषेच्या पट्टीचे पापुद्रे निघतात आणि अनवाणी पायात शिरतात. म्यानमारच्या सागाची पूर्वी सगळीकडे वाखाणणी होती, पण आता त्याच्या व्यवहारावर युरोप-अमेरिकेचे निर्बंध आहेत. आपल्याकडे बल्लारशाच्या आगारात चंद्रपूर-गडचिरोलीचा उत्तम साग मिळतो. लागवडीचा कोवळा साग स्वस्त पडतो, पण वलयं रुंद आणि पांढरा भाग जास्त. ओलावा १० ते १२ टक्के असू दे. पावसाळ्यात फुगलेली पट्टी बसवलीस तर उन्हाळ्यात आकसून सांधे फाडेल, म्हणून हे काम दिवाळीनंतर धर. सागात वाळूचा अंश असतो, धार लवकर मरते. कार्बाइडची पाती ठेव आणि धुळीसाठी तोंडाला मास्क बांध.

आधी सगळ्या पट्ट्या कोरड्या मांडून आकडे घाल. शेजारच्या दोन पट्ट्यांचे जोड एका रेषेत नकोत, त्याच रेषेत पुन्हा जोड घ्यायचा तर मध्ये निदान तीन पट्ट्या जाऊ देत. पट्टीचं टोक मधल्या पट्टीजवळ सुईसारखं निमुळतं संपवू नकोस, ते तुटतं. मधल्या पट्टीत खाच घेऊन टोक बोथट बसव. हेच काम बघून जाणकार माणूस तुझा हात ओळखतो. लुकण दातेरी पत्र्यानं सारखं पसर, कुठे पोकळी राहू नये, आणि वर वाळूच्या पिशव्यांचं वजन ठेव.

मालकाचा हात आखडता असेल तर तिसरा रस्ताही सांग. साग काढून, भोकं भरून, न घसरणारा रंग द्यायचा. डेक हलका होतो आणि पायाला कमी तापतो. शोभा जाते, पण बोट वाचते.

काम संपलं की खलाशाला बसवून समजाव. प्रेशरचं मशीन नाही, आम्लाचं क्लीनर नाही. मऊ ब्रश किंवा स्पंज, रेषेला आडवा फिरवायचा. रेषेच्या दिशेनं घासलं की मऊ भाग उकरला जातो, कठीण रेषा वर राहतात, मग कोणीतरी पॉलिशचं मशीन फिरवून त्या सपाट करतो आणि दर वेळी अर्धा-एक मिलीमीटर साग धुळीत जातो. डेक असेच संपतात. धुवायला खारं पाणीच, त्यानं बुरशी धरत नाही. होडीला मुशीचं तेल चोपडायची आपली रीत आहे, पण ते किंवा दुकानातलं सागाचं तेल डेकवर नको. आपल्या दमट हवेत ते काळं पडतं. साग रुपेरी होऊ दे, तोच त्याचा खरा रंग.

उरलेल्या पट्ट्या घरी आणू नकोस. त्याच लाकडातल्या चार-पाच पट्ट्या, मूठभर डट्टे आणि तो नकाशा कापडात गुंडाळून बोटीतच कोरड्या जागी ठेव, आणि कुठे ठेवलंय ते मालकाच्या वहीत लिहून दे.