किनारपट्टीवरील घरासाठी लॅपटॉपची निवड

अलिबाग तालुक्यातील किहीम येथे १९३० साली डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणतो. मादी तो तपासते आणि पसंत पडला तरच पुढचे काम पुरे होते, असे त्यांना आढळले. त्याच किनाऱ्यावर आज शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य घरासाठी लॅपटॉप घेतो, तेव्हा एवढी पारख होतेच असे नाही.

पत्रव्यवहार, अर्ज भरणे, हिशेबाचे तक्ते, मुलांचा अभ्यास ही घरगुती कामे होत. त्यांसाठी अतिवेगवान प्रोसेसर किंवा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यांवर खर्च करण्याचे कारण नाही. ८ जीबी रॅम पुरेशी होते. १६ जीबी असल्यास यंत्र अधिक वर्षे उपयोगी पडते. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढविता येत नाही, हे आधीच विचारून घ्यावे. साठवणुकीसाठी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क न घेता एसएसडी घ्यावी.

किनाऱ्यावर खरी कसोटी लागते ती वीज आणि हवा यांची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. म्हणून बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी. ५० वॅट-तासांची बॅटरी सरासरी १० वॅट वापरावर सुमारे पाच तास चालेल, हा हिशेब कोणासही करता येतो. ‘दिवसभर चालते’ या जाहिरातीवर विसंबू नये. यूएसबी-सी प्रकारच्या चार्जरवर चालणारे यंत्र घेतल्यास चार्जर बिघडला तरी योग्य क्षमतेचा दुसरा सहज मिळतो.

खाऱ्या, दमट हवेने तांब्याचे जोड गंजतात. पाणी शिरल्याने वा गंजाने झालेला बिघाड सर्वसाधारण हमीत बहुधा बसत नाही, तेव्हा हमीपत्रातील बारीक अक्षरे वाचणे अगत्याचे. घरी येऊन दुरुस्तीची सेवा आपल्या पिनकोडला मिळते काय, की यंत्र पनवेल-मुंबईस न्यावे लागेल, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. दुकानदारास हा प्रश्न आवडत नाही, पण विचारावाच. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, आणि समुद्राकडील खिडकीशी तर मुळीच ठेवू नये.

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या यंत्रांबाबत विशेष सावधगिरी हवी. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नसेल, तर बँकेचे व्यवहार त्यावर करणे धोक्याचे. लिनक्स प्रणाली घालून ते वापरता येते, परंतु ती शिकण्याची तयारी हवी.

मराठी लेखनासाठी वेगळी आज्ञावली विकत घ्यावी लागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्हींत आहेच. दुकानातच तो सुरू करून पानभर मजकूर टंकून पाहावा, म्हणजे कळा बोटांना मानवतात की नाही आणि पडद्यावरील जोडाक्षरे डोळ्यांना ताण न देता वाचता येतात की नाही, हे तेथेच कळते.