पाळी जाताना: आधी कॅलेंडर, मग रिपोर्ट
अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, चार महिने पाळी नाही, रात्री घामाने उशी भिजते, आणि लॅबवाले हार्मोनचं मोठं पॅकेज घ्या म्हणतात. तू ४७ वर्षांची. पैसे भरायच्या आधी मावशीचं ऐकून घे.

आम्ही फ्रीगंजात राहत होतो तेव्हाची गोष्ट. मीही सत्तेचाळिशीतच होते. जूनमध्ये एफएसएच हे हार्मोन तपासून घेतलं, आकडा आला ३८. रिपोर्ट देणाऱ्या मुलानेच सांगून टाकलं, "पाळी संपली, काकू." घरी येऊन कपाटातले उरलेले पॅड मी शेजारच्या पोरीला देऊन टाकले. आणि श्रावणात महाकालाची सवारी बघायला रामघाटावर गर्दीत उभी असताना पोटात कळ आली. पदर मागे ओढून कशीबशी घरी पोचले. पुन्हा तपासलं, तर आकडा ९!

त्या दिवशी क्षिप्रा चढलेली होती. घाटावरच्या छोट्या देवळांचे कळस तेवढे वर दिसत होते. आठ दिवसांनी गेले तर पायऱ्या मोकळ्या. पाळी जायच्या काळात हार्मोनचंही असंच वर-खाली चालतं. मेंदूखालची पीयूष ग्रंथी एफएसएच सोडून बीजकोशाला हाक मारते. बीजकोश थकले की ती आवाज चढवते, म्हणून आकडा वाढतो. मग एखाद्या महिन्यात बीजकोश पुन्हा ओ देतात, बीज तयार होतं, आकडा खाली येतो. रक्त नेमकं कोणत्या दिवशी काढलं, त्यावर सगळं.

म्हणून पंचेचाळिशीनंतर पाळी लांबली आणि वाफा यायला लागल्या, तर ओळखायला हार्मोनची तपासणी लागत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली. आपल्याकडे सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, तेव्हा तू वेळेवरच आहेस. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएचचा आकडा अजिबात धरू नकोस. आणि एएमएचच्या वाटेला जाऊ नकोस, ती तपासणी मूल हवं असणाऱ्यांच्या उपचारात कामाची.

तुझ्या धाकट्या जावेचं मात्र वेगळं. ती ३८ ची आणि पाळी थांबली आहे म्हणतेस. तिला लगेच डॉक्टरकडे ने. चाळिशीच्या आत एफएसएच करावंच लागतं, बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. इतक्या लवकर इस्ट्रोजेन कमी झालं तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका असतो. "लवकर सुटली" म्हणून तिचं कुणी कौतुक करू नये. आधी दिवस राहिले नाहीत ना, तेही बघून घ्या.

पॅकेजचे पैसे वाचतील त्यात टीएसएच कर. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड, झोप उडणं, सगळं असंच होतं. मला तर वर्षभर "वयाचं आहे" म्हणून ऐकवलं आणि शेवटी थायरॉइड निघालं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांग, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. पाळीत फार जात असेल तर हिमोग्लोबिन. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब या वयात बघायचेच.

वाफा असह्य झाल्या तर सोसत बसू नकोस. हार्मोनचे उपचार आहेत, ते सुरू करताना डॉक्टर तुझा त्रास विचारतात, एफएसएचचा आकडा नव्हे. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तुझ्या पायात कधी रक्ताची गाठ झाली असेल, तर लाजू नकोस, आधी सांग. खालचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळची आग, यावरही लावायचं मलम मिळतं. आमच्या पिढीने हे तोंडातून काढलं नाही आणि उगाच सोसलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभर बंद राहून पुन्हा अंगावर गेलं, अगदी डागभर, तरी ती पाळी समजायची नाही. मी संक्रांतीला डाग बघितला आणि अक्षय तृतीयेपर्यंत कुणाला बोलले नाही. सोनोग्राफी झाली, आतला तुकडा काढून तपासला, साधी गाठ निघाली. रिपोर्ट येईपर्यंतचे ते आठ दिवस मला आजही आठवतात. कॅन्सर असता, तर त्याला मी चार महिने दिले असते. तू त्याच आठवड्यात जा.

तुझ्या मामाबरोबर कालनिर्णय पाठवते आहे, लाल पेन दोऱ्याने बांधलं आहे. पाळीच्या तारखेला गोल कर, रात्री घामाने उठलीस तर त्या चौकोनात फुली मार. डॉक्टरकडे जाशील तेव्हा ती पानं काढून सोबत ने.