स्कूटी की मोटारसायकल? गटाच्या बैठकीसाठी एक पाठ



हल्ली गटातल्या कर्जमागणीत शेळी आणि शिलाई मशीनच्या जोडीला 'दुचाकी' हा शब्द वारंवार येतोय. कुणाला दूध डेअरीवर घालायचंय, कुणी सीआरपी म्हणून तीन-तीन गावं फिरते, कुणाला पापड-मसाल्याचा माल तालुक्याला पोचवायचाय. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. वडापची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. म्हणजे गाडी ही चैन नाही, कामाची गरज आहे. प्रश्न एवढाच, घ्यायची कोणती?

घरात हा विषय निघाला की उत्तर बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. "मोटारसायकलच घेऊ, ॲव्हरेज देते, सगळ्यांना चालवता येते." ऐकायला बरं वाटतं. पण फिल्डवर दिसतं ते असं: कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताईच्या कमाईतून आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ताई परत वडापच्या थांब्यावर. म्हणून या पाठात आपण दोन्ही गाड्यांची तुलना करू, पण जिला रोज चालवायची आहे त्या ताईच्या बाजूने.

1. चालवायला फरक काय?

बिनगिअरच्या गाडीला आपण सरसकट स्कूटीच म्हणतो. तिला क्लच नाही, गिअर नाही. उजव्या हाताने ॲक्सिलेटर आणि दोन्ही हातांना ब्रेक. सायकल चालवणाऱ्या ताईला ही रीत ओळखीचीच वाटते. मोटारसायकलला डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाला मागचा. शिकायला थोडे दिवस जास्त लागतात, पण गिअरची गाडी बायकांना जमत नाही असं काही नसतं. सराव करायला गाडी आपल्या हातात मिळते का, अडतं ते तिथे.

वजनात फार फरक नाही. 100-110 सीसीच्या दोन्ही प्रकारच्या बऱ्याच गाड्या साधारण 105 ते 115 किलोच्या असतात. स्कूटीची सीट थोडी खाली असली तरी रुंद असते. त्यामुळे पाय फाकतात आणि उंची कमी असेल तर टाचा टेकत नाहीत. हे बसूनच बघायला हवं.

कपड्याचंही बघा. साडी नेसून चालवायची तर स्कूटीवर मधून पाय ठेवून बसता येतं. मोटारसायकलवर टांग टाकावी लागते, म्हणजे पंजाबी ड्रेस सोयीचा. गाडी कोणतीही असो, पदर आणि ओढणी खोचून, गाठ मारूनच निघायचं. चाकात कापड अडकून होणारे अपघात फार वाईट असतात. मागे बसणारीसाठी चाकावर साडी गार्ड आणि धरायला हँडल हवं, हे मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. गाडी घेताना ते बसवलंय का बघा.

2. आपला रस्ता कसा आहे?

मोटारसायकलचं चाक मोठं, बहुतेक 17-18 इंची. स्कूटीचं 10 किंवा 12 इंची. डांबरी रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण मोठा खड्डा आला की लहान चाक त्यात उतरतं आणि हँडल हिसका मारतं. मोठं चाक तोच खड्डा सहज पार करतं. पावसाळ्यात काळ्या रानातून जायचं, ओढा ओलांडायचा, वस्तीपर्यंत कच्चा पाणंद रस्ता असेल, तर मोटारसायकल उजवी ठरते.

घाटउताराची एक गोष्ट लक्षात ठेवा. मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच वेग धरून ठेवतं. स्कूटीत हा आधार कमी मिळतो, भार ब्रेकवर येतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि कमी लागतो. म्हणून वेग आधीच कमी करायचा आणि ब्रेक थांबून थांबून दाबायचा. आणि गाडी कोणतीही असो, उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका.

3. ओझं कुठे ठेवणार?

स्कूटीला पायाशी सपाट जागा असते आणि सीटखाली डिक्की. किराणा, कापडाचे गठ्ठे, गटाची दप्तरं, दुधाची लहान किटली यासाठी ती सोयीची. पैसे आणि पासबुक डिक्कीत कुलपात राहतात, हा बँकेत जाणाऱ्या ताईंचा मोठा फायदा. दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन लावायचे असतील तर मोटारसायकलला कॅरिअर बसतो. मात्र भरलेले कॅन लावून गाडी स्टँडवर घ्यायला आणि वळवायला जोर लागतो.

तिसरा पर्यायही आहे. आपल्या आयांच्या पिढीने लूना पाहिलेली असेल. पुण्याच्या कायनेटिकची ही मोपेड 1972 मध्ये आली. आज त्याच जातीच्या, 100 सीसीच्या मोपेड मिळतात. गिअर बदलायचा नाही, वजन साधारण 90 किलोच्या आत, चाक 16 इंची आणि पुढे पोतं ठेवायला जागा. रस्ता कच्चा आहे पण गिअर नको, अशा ताईने ही गाडी जरूर बघावी. लांबच्या प्रवासाला आणि डबलसीट चढाला मात्र ती कमी पडते.

4. पेट्रोलचा हिशेब

'स्कूटी पेट्रोल पिते' असं म्हणतात. किती, ते मांडून बघू. समजा रोज 24 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 600 किलोमीटर. पेट्रोल हिशेबापुरतं 100 रुपये लिटर धरू.

मोटारसायकल (60 चं ॲव्हरेज): 10 लिटर, 1,000 रुपये.
स्कूटी (45 चं ॲव्हरेज): सव्वातेरा लिटरच्या थोडं वर, साधारण 1,333 रुपये.

फरक महिन्याला 333 रुपये, म्हणजे दिवसाला तेरा-चौदा रुपये. फरक आहे, नाही असं नाही. पण मोटारसायकल घेऊन ती आपल्याला चालवायला मिळालीच नाही, तर वडापचं भाडं सुटत नाही. ते भाडं या हिशेबात कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

देखभालीत मोटारसायकलची चेन साफ करून, तेल देऊन, ताण बघावा लागतो. स्कूटीला चेन नाही, आत पट्टा असतो. तो ठराविक किलोमीटरनंतर बदलावा लागतो आणि त्याचा खर्च एकदम येतो. गावात किंवा बाजारपेठेत कोणत्या गाडीचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात, तेही विचारून घ्या.

5. कर्ज आणि व्याज

समजा 40,000 रुपये कर्ज, मुदत 24 महिने. गटातून महिना 1 टक्क्याने, उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं आणि दरमहा सारखं मुद्दल फेडलं, तर एकूण व्याज 5,000 रुपये. तेच बाहेरून 'फ्लॅट 12 टक्के' दराने घेतलं तर व्याज 9,600 रुपये. दोन्हीकडे तोंडी '12 टक्केच' सांगतात. म्हणून 'व्याज फ्लॅट की उरलेल्या मुद्दलावर?' आणि 'एकूण किती रुपये भरायचे?' हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

6. कागद कुणाच्या नावावर?

हा मुद्दा बैठकीत दोनदा वाचा.

लायसन्स: बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स असेल तर त्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. गिअरचं असेल तर दोन्ही चालतात. आधी लर्निंग लायसन्स, ते 6 महिने चालतं, आणि 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गाडी ताब्यात यायच्या आधीच लर्निंग काढून ठेवा.

विमा: नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा घ्यावा लागतो. सोबत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी असतो आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असावं लागतं. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि रोज चालवता तुम्ही, तर तुमच्या अपघाताला तो विमा लागू होत नाही. गाडी तुमच्या नावावर पण लायसन्स नाही, तरीही नाही. म्हणून आरसी आणि लायसन्स, दोन्ही तुमच्या नावावर हवीत.

मुलं: 18 वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना अपराध केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते. "दुकानापर्यंतच तर जातोय" हे कायदा ऐकत नाही. दहावीतल्या लेकराला किल्ली देऊ नका.

7. शोरूममध्ये करायच्या चाचण्या

रोज घालता तेच कपडे आणि चप्पल घालून जा. सोबत एखादी मैत्रीण न्या. मग बघा:

• सीटवर बसून दोन्ही पाय नीट टेकतात का?
• गाडी एकटीने डबल स्टँडवर घेता येते का?
• गाडी ढकलत मागे घेऊन वळवता येते का?
• चालवून बघितली तेव्हा ब्रेक बोटांत नीट बसतो का?
• ऑन रोड किमतीत काय काय धरलंय ते कागदावर लिहून मागा. नको असलेल्या ॲक्सेसरीज काढून टाकायला सांगा.

यात दोन गोष्टी जमल्या नाहीत तर दुसरी गाडी बघा. रंग आणि ऑफर नंतर.

थोडक्यात

रस्ता डांबरी, ओझं मध्यम, साडीवर आणि एकटीने फिरायचं असेल तर स्कूटी. रस्ता कच्चा, अंतर जास्त, दुधाचे मोठे कॅन आणि गिअर शिकायची तयारी असेल तर मोटारसायकल. कच्चा रस्ता पण गिअर नको असेल तर मोपेड. आणि कोणतीही घेतली तरी हेल्मेट, तुमच्या डोक्याच्या मापाचं.

बैठकीत चर्चा करा

1. आपल्या गटात कर्जातून आलेल्या दुचाकी किती? त्या रोज कोण चालवतं?
2. आपल्यापैकी किती जणींकडे लायसन्स आहे? नसेल तर सगळ्यांनी मिळून आरटीओच्या कॅम्पला कधी जायचं?
3. ज्या ताईला गाडी येते ती रविवारी शाळेच्या मैदानावर दोघींना शिकवेल का?
4. दुचाकीसाठी कर्ज मंजूर करताना 'आरसी आणि लायसन्स ताईच्या नावावर' अशी अट गटाने घालावी का?

चौथ्या प्रश्नावर गटाचं मत काय झालं ते ठरावाच्या वहीत लिहा आणि पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला ती वही घेऊन या. सगळ्या गटांचे ठराव तिथे एकत्र वाचू.