समुद्रावरची जुनी बोट धरणात चालेल का?

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी मिळून एक जुनी पाँटून बोट पाहून ठेवली आहे. खाली अ‍ॅल्युमिनियमची दोन लांब पोकळ नळकांडी, त्यांवर सपाट डेक, बाकडी, कापडी छत आणि मागे पेट्रोलचं इंजिन. काही वर्षं ती कोकणात एका खाडीत होती. विकणारे म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही, गोड्या पाण्यात ती जन्मभर चालेल. आम्हाला ती जिल्ह्यातल्या एखाद्या जलाशयावर रीतसर परवानगी काढून चालवायची आहे. खाऱ्या पाण्यात राहिलेली बोट घ्यावी का? आणि न गंजणाऱ्या धातूचं मीठ नेमकं काय बिघडवतं?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : बोट बघायला जाल तेव्हा किमतीचं बोलणं मागाहून करा. आधी विचारा, ती खाडीत राहायची कशी? काम झालं की ट्रेलरवर ओढून काढायची आणि गोड्या पाण्याने धुवायची, की बारा महिने जेटीला बांधून पाण्यातच डुलत ठेवलेली होती? पहिल्या प्रकारातली बोट दहा वर्षांची असली तरी घेण्याजोगी असू शकते. दुसऱ्या प्रकारातली तीन वर्षांची असली तरी मी दोनदा विचार करीन.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हे अर्धंच खरं आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला येत नाही, कारण हवा लागताच त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर तयार होतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, पण घट्ट असतो. ओरखडा पडला तर लगेच पुन्हा भरून येतो. गोड्या पाण्यात या थराच्या भरवशावर बोट वर्षानुवर्षं निवांत राहते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यातलं 19 ग्रॅमच्या आसपास एकटं क्लोराइड असतं. हे क्लोराइड ऑक्साइडच्या थरातली कच्ची जागा शोधून काढतं आणि तिथे भोक पाडतं. एकदा भोक पडलं की आतल्या चिंचोळ्या जागेतलं पाणी आम्लधर्मी होत जातं, त्यामुळे थर पुन्हा धरत नाही आणि खड्डा आपोआप खोल होत राहतो. वरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, त्यावर पांढरी भुकटी साचलेली असते, आत मात्र धातू पोखरलेला असतो. पाँटूनच्या नळकांड्याचा पत्रा बहुधा दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे खड्ड्याला आरपार जायला फार प्रवास करावा लागत नाही.

याहून मोठं नुकसान दोन धातूंच्या संगतीने होतं. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस स्टीलचा बोल्ट लागलेला असला आणि दोन्ही मिठाच्या पाण्याने भिजलेले असले, की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, बोल्टला काही होत नाही. समुद्राचं पाणी साध्या गोड्या पाण्यापेक्षा वीज शंभरेक पटींनी चांगली वाहून नेतं, म्हणून गोड्या पाण्यात जी जोडी गुण्यागोविंदाने नांदते तिच्यातच समुद्रात एक धातू दुसऱ्याला खातो. जेटीवरून बॅटरी चार्ज करण्यासाठी वायर ओढलेली असेल आणि तिच्यातून वीज पाण्यात पाझरत असेल, तर मग विचारायलाच नको. अशा ठिकाणी बांधलेल्या बोटीचं बूड फार लवकर जातं.

या दुखण्यावरचा उपाय दोनशे वर्षांचा जुना आहे. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना खालून तांब्याचा पत्रा मारत आणि तो समुद्रात झिजून जाई. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबं वाचतं. उपाय अचूक होता, पण जहाजं चालायला लागली तेव्हा नवीनच अडचण आली. तांबं झिजेनासं झालं तसं त्याचं विष पाण्यात उतरेनासं झालं आणि बुडाला शेवाळ आणि बार्नेकलची कवचं गच्च चिकटली. जहाजं मंदावली. डेव्हीला तो प्रयोग सोडून द्यावा लागला, तत्त्व मात्र टिकलं. आजही अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला आणि तिच्या इंजिनाला झिंकचे तुकडे लावतात, ते त्याच तत्त्वावर.

ही झिंक मुद्दाम पाहा, बोटीचं खरं चरित्र त्यातून कळतं. निम्मी झिजलेली आणि खडबडीत झालेली असेल तर ती आपलं काम करत होती आणि मालक लक्ष देत होता. पार संपलेली असेल, नुसता बोल्ट उरलेला असेल, तर त्यानंतरची सगळी झीज बोटीच्या अंगावर गेली आहे. आणि जुनी असूनही कोरी करकरीत असेल तर मला सर्वांत जास्त शंका येते. तिच्यावर कोणीतरी रंग मारलेला असतो किंवा तिचा धातूशी नीट संपर्कच नसतो, म्हणजे ती नुसती शोभेला होती. जाता जाता, बार्नेकल चिकटू नयेत म्हणून तांबंयुक्त रंग मिळतो. तो अ‍ॅल्युमिनियमला थेट मारलेला असेल तर ते नळकांडं घेऊ नका. डेव्हीच्या जहाजावर जे तांबं होतं त्याचा हा उलटा खेळ आहे, इथे तांब्यापायी अ‍ॅल्युमिनियम जातं.

आता तपासणी. खामगावच्या माणसाला हे सांगायला नको की चांदीच्या पेढीवर नुसती चकाकी पाहून भाव ठरत नाही. बोटीचंही तसंच आहे. पॉलिश केलेली बाहेरची बाजू सोडा, टॉर्च घेऊन डेकच्या खाली शिरा. नळकांडी आणि आडवे बीम जिथे बोल्टने जोडले आहेत तिथे पांढरी भुकटी, फुगवटा, रंगाचे फोड दिसतात का पाहा. भुकटी बोटाने पुसून खाली काय आहे ते बघा. खड्ड्यात नख अडकलं तर दाभणाचं टोक घालून खोली अजमावा. अर्ध्या मिलिमीटरचे विखुरलेले खड्डे चालतील, एकाच ओळीत किंवा वेल्डच्या कडेला दाटीने पडलेले खड्डे चालणार नाहीत. नळकांड्याच्या तळाशी ताजा रंग असेल आणि बाकीचं जुनं असेल तर रंग कशासाठी दिला ते थेट विचारा. डेकखालचं प्लायवुडही उचकून पाहा. कीड लागू नये म्हणून ज्या लाकडात तांब्याचं औषध मुरवतात ते ओलं राहून अ‍ॅल्युमिनियमला टेकलेलं असेल, तर वरूनही धातू खाल्ला जातो.

यानंतर हवेची चाचणी, आणि तिच्यात तडजोड करू नका. नळकांड्यांना आतून पडदे घालून कप्पे केलेले असतात. ज्या कप्प्याला हवा भरायची सोय असेल त्यात दोन पीएसआयच्या आसपास हवा भरायची, सगळ्या वेल्डवर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. मोटारीच्या टायरात तीसच्या आसपास पीएसआय असतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर त्या अंदाजाने लावलात तर चांगलं नळकांडंही फाटेल. म्हणून बारीक गेज असलेला पंप वापरा. चाचणी करू देत नसतील तर बोट चार-पाच तास पाण्यात सोडायला लावा, मग बाहेर काढून तळाचे बूच उघडा. पाणी निघालं तर काय ते समजलं. तेही करू देत नसतील तर बोलणं तिथेच थांबवा.

इंजिनासाठी एखादा अनुभवी मेकॅनिक बरोबर न्याच. बाहेर बसवलेलं इंजिन आजूबाजूचंच पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं, म्हणजे समुद्राचं पाणी त्याच्या पोटातून फिरलेलं असतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून धुतलं नाही तर मीठ आतच वाळून वाटा बुजतात. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं की पांढरा थर दिसतो किंवा दिसत नाही, वाद उरत नाही. इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. बाजूने येणारी पाण्याची धार जोरकस आहे का, सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आहे का, गिअर ऑइल दुधाळ झालं आहे का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. एखाद्या वायरचं प्लास्टिक थोडं सोलून पाहा. आतलं तांबं काळं-हिरवं असेल तर सगळी वायरिंग बदलण्याचा खर्च धरा. ट्रेलर असेल तर त्याच्या चौकोनी पाइपांवर हातोडी वाजवा, ते आतून आधी सडतात.

समजा बोट पसंत पडली आणि खामगावला आली. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की फटींमध्ये अडकलेलं मीठ निपचित पडून राहतं. बोट ठणठणीत वाटते. पण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार त्याच्याही आधी ओलावतात. पहिला पावसाळा लागला की कोकणात सुरू झालेली झीज विदर्भात पुढे चालू होते. म्हणून आणल्याबरोबर शक्य तेवढे बोल्ट काढा, प्रत्येक फट गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि बसवताना दोन धातूंमध्ये नायलॉनचे वॉशर घाला.

धुण्याचं पाणी मात्र पारखून घ्या. आपल्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तो अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने पंपाची आणि पाइपांची काय गत होते हे तिकडच्या शेतकऱ्यांना विचारा. बोट ठेवायचं शेड त्या बाजूला असेल आणि तुम्ही तिथल्याच बोअरचा पाइप लावून ती धूत राहिलात, तर मीठ काढण्याऐवजी भरण्याचं काम होईल. टँकरचं किंवा नळाचं पाणी वापरा, पावसाचं साठवलेलं मिळालं तर उत्तम.

पत्राच्या शेवटी तुमच्या एका मित्राने विचारलं आहे की लोणारच्या पाण्यात ही बोट टिकली असती का. लोणार सरोवर हे अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही आहे, तेव्हा तिथे बोट घालण्याचा विषयच नको. पण प्रश्न सुंदर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा संरक्षक थर पाण्याचा सामू साधारण 4 ते 9 असेपर्यंत टिकतो. समुद्राचा सामू 8 च्या आसपास असतो, म्हणून तिथे थर निदान शाबूत राहून झुंजतो. लोणारचं पाणी मिठाबरोबर सोड्याचंही आहे, त्याचा सामू 10 च्या घरात जातो. तिथे थर भोकं पडून नव्हे, सरसकट विरघळून जाईल. समुद्राने जे काम काही वर्षांत केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या त्या पाण्याने बरंच लवकर केलं असतं.

गोड्या पाण्यात बोट उतरवण्याआधी झिंक काढून मॅग्नेशियमचे तुकडे बसवा. गोड्या पाण्यात जस्तावर कठीण पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासं होतं. तेच मॅग्नेशियम समुद्रात लावलं तर झपाट्याने संपून जातं. म्हणजे पुढेमागे बोट कोकणात परत विकलीत तर घेणाऱ्याला हे सांगायला विसरू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. यांत्रिक बोटींसाठी 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, त्यात नोंदणी आणि सर्वेक्षण दोन्ही आहेत. विकणाऱ्याकडे आधीची नोंदणी आणि इंजिनाचा नंबर जुळतो का बघा. त्या नोंदणीचं पुढे काय करायचं हे महाराष्ट्र सागरी मंडळाकडून लेखी घ्या, आणि जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी बोटीचे पैसे देण्याआधी हातात असू द्या. ज्या धरणातून गावाच्या नळाला पाणी येतं तिथे पेट्रोलच्या इंजिनाला नकार मिळाला तर मी त्या अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहीन. अशा वेळी बॅटरीवर चालणाऱ्या मोटरचा पर्याय घेऊन पुन्हा अर्ज करा. पाँटूनच्या सपाट डेकवर बॅटऱ्या ठेवायला भरपूर जागा असते, आणि मग विकणाऱ्याच्या त्या मीठ प्यालेल्या इंजिनाचे पैसेही किमतीतून वजा करता येतील.