नदीच्या उलट्या वाटेने

परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, हरिहरेश्वर ते महाबळेश्वर मॅपवर चार-साडेचार तास दाखवतंय. सकाळी समुद्रात डुंबायचं आणि संध्याकाळी वर जाऊन स्ट्रॉबेरी खायची." सूनबाई मागून हसत होती, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो. एकोणतीस वर्षं एसटीचं चाक हातात होतं, त्यातली बरीचशी याच रस्त्यांवर. तुझा मॅप खोटं सांगत नाही, पण तो समुद्राला भरती कधी आहे ते सांगत नाही, आणि मागच्या सीटवरच्या पोराला गाडी कुठल्या वळणावर लागेल तेही नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तू जिथून निघणार तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते, आणि जिथे पोचणार तिथे ती उगवते. हरिहरेश्वर-बाणकोट हे तिचं मुख, महाबळेश्वर हा उगम. तिची सगळी लांबी जेमतेम शंभरेक किलोमीटर. नदीला सोबत घेऊन उलटं वर जायचं, तीन मुक्काम करायचे आणि चौथ्या दिवशी माथ्यावर टेकायचं. एवढी सवड नसेल तर सरळ पुण्याहून वाई-पाचगणी करून जा, सोपा रस्ता आहे. पण मग त्याला सहल म्हणू नकोस.

कधी निघायचं? पौष-माघात. पावसाळ्यात पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाचं नाव काढायचं नाही. 2018 च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं बस करून महाबळेश्वरला निघाली होती. बस याच घाटात दरीत गेली, तीस माणसं गेली, एकच वाचला. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला आणि याच घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. धबधबे बघायला आषाढात जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकत नाहीत. तू ऐकशील म्हणून सांगतो.

पहिला मुक्काम हरिहरेश्वर. तिथे देवळामागून कड्याखालच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. ती ओहोटीलाच करायची. आणि ओहोटी केव्हा, हे ओळखायला मोबाईल लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, दुपारी बाराला. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून देवळापाशी एकदा विचारून घ्यायचं. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी वाटेला लागायचं आणि पाणी वळायच्या आत वर यायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाणी लांब आत जातं आणि येतानाही झपाट्याने येतं. फोटोसाठी खडकाच्या टोकावर उभं राहायचं नाही. सूनबाईलाच सांग हे, तू ऐकायचा नाहीस.

आणि गाडी वाळूत घालायची नाही. ओली वाळू वरून सिमेंटसारखी घट्ट दिसते, पण थांबलास की चाक रुततं, आणि भरतीची वेळ जवळ आलेली असते. बैलांनी ओढून काढलेल्या किती मोटारी मी पाहिल्या आहेत. किनाऱ्यावरून हलण्याआधी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवून घे, चाकांच्या आतून विशेष. खारं पाणी पत्र्याला लगेच काही करत नाही, दोन पावसाळे गेले की मग दाखवतं.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला येऊन जंगलजेटीने पलीकडे वेश्वीला उतर. पूर्वी त्यासाठी मंडणगडावरून वळसा घालावा लागायचा, आता गाडीसकट खाडी ओलांडता येते. जेटीवर गाडी चढली की इंजिन बंद, गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. काचा लावून आत बसणाऱ्यांची मला कीव येते. सावित्रीचं मुख तेवढ्या फेरीतच नीट दिसतं. डाव्या हाताला खाडी डोंगरात शिरते, उजव्या हाताला समुद्र मोकळा. इंग्रजांच्या काळात मुंबईची मंडळी आगबोटीने याच खाडीतून दासगावपर्यंत येत आणि महाड-पोलादपूर करून महाबळेश्वर चढत. म्हणजे तू नवीन काही करत नाहीस, जुनीच वाट धरतो आहेस.

वेश्वीला उतरल्यावर घाई करू नकोस. बाणकोटचा किल्ला लहानसा आहे. हिम्मतगड त्याचं नाव, इंग्रज त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. पुढे वेळास, नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत तिथे कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. तेव्हा आलास तर मुलांना पहाटे उठव, आणि पिल्लांवर बॅटरी मारू देऊ नकोस. दुसरा मुक्काम आमच्याकडेच. मामी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी करणार आहे. मासे काय मिळतील ते त्या दिवशीच्या बोटी ठरवतील. "सुरमईच पाहिजे" असं तिच्यापुढे म्हणू नकोस. ताजे बांगडे मिळत असताना शिळी सुरमई मागणारा माणूस तिला पुणेरी वाटतो.

तिसऱ्या दिवशी मंडणगड, म्हाप्रळ, मग आंबेतला पुन्हा सावित्री ओलांडून गोरेगाव-लोणेऱ्यापाशी महामार्गाला लागायचं. मंडणगड तालुक्यातच आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. वाट थोडी वाकडी होते, पण जा. त्याच दिवशी महाडला चवदार तळ्याच्या काठी उभा राहशील, तेव्हा मुलांना सांगायला सोपं जाईल की 20 मार्च 1927 ला इथे माणसांनी फक्त पाणी प्यायलं होतं आणि त्याचा केवढा इतिहास झाला. तळं भर गावात आहे. गाडी बाहेर लावून चालत जा.

महामार्गावर आता चौपदरी गुळगुळीत रस्ता आहे, आणि तिथेच पाय जड होतो. दोन दिवस कोकणच्या वळणांवर चाळीसने चाललेला माणूस सरळ रस्ता दिसला की शंभर मारतो. मारू नकोस. दासगाव मागे पडलं तरी कळत नाही, गंधारपाल्याची लेणी डोंगरात वर तशीच राहून जातात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती लेणी चढून जा. वरून सावित्री, महाड आणि तिची सगळी खाचरं एका नजरेत येतात. 2016 च्या ऑगस्टात याच नदीने महाडजवळचा जुना पूल रात्रीतून वाहून नेला, वाहनं आणि माणसांसकट. उन्हाळ्यात तिचं पात्र बघून हे कुणाला खरं वाटत नाही.

रायगड यात घुसडू नकोस. महाडपासून जवळ आहे म्हणून "जाता जाता" रायगड करणाऱ्यांवर माझा राग आहे. त्याला वेगळा दिवस, वेगळी सहल.

मुक्काम महाडला. रात्री हलकं जेवा, कारण सकाळी घाट आहे.

आता नीट ऐक. डिझेल-पेट्रोल आणि हवा महाड नाहीतर पोलादपूरला बघायची, घाटात काही मिळणार नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवायचं आणि लांब बघायला सांगायचं, हातात मोबाईल द्यायचा नाही. पोट रिकामं नको आणि तळलेलंही नको. भाकरीचा तुकडा, तोंडात आवळासुपारी, हुंगायला चिरलेलं लिंबू. वर जाताना कानांत दडे बसतात. लहान मुलांना गोळी चघळायला द्या, मोठ्यांनी जांभई द्यावी. स्वेटर सामानाच्या तळाशी ठेवू नका. किनाऱ्यावर अंगातला सदरा नको होतो, आणि माथ्यावर उतरताच पोरं कुडकुडतात. तेव्हा भर रस्त्यात डिकी उपसत बसणारी माणसं मी दरवर्षी पाहिली.

चढताना इंजिन रडायला लागायच्या आधी खालचा गिअर टाक. तापलं तर एसी बंद कर, बाजूला सपाट जागी घे, बॉनेट उघड आणि थांब. रेडिएटरचं झाकण काढू नकोस. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तू लहानपणापासून बघतोस, तो असाच आला. नवा होतो, घाई होती, फडकं धरून झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी उसळलं. दोन तासांनी ड्यूटी संपवून मग दवाखान्यात गेलो. त्या दोन तासांनी मला जे शिकवलं ते पुढच्या सगळ्या वर्षांत कुणी शिकवलं नाही.

वळणावर हॉर्न, आणि चढणाऱ्याला आधी वाट. हे लोक विसरलेत. उतरणारा वरून दिवे चमकवत येतो आणि तूच थांबावंस अशी त्याची अपेक्षा असते. तरी भांडायचं नाही, थांबायचं. परतताना ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. नुसत्या ब्रेकवर उतरलास की लायनर जळाल्याचा वास येतो. तो आला की थांबून गार होऊ दे, वर पाणी ओतू नकोस. धुकं असेल तर दिवे खाली, वरचे दिवे लावलेस की समोर पांढरी भिंतच उभी राहते. आणि चढावर थांबलास तर चाकाखाली दगड लाव, पण निघताना तो दगड उचलून कडेला टाक. मागून येणारा मोटारसायकलवाला त्याच दगडावर आपटतो. हे न करणाऱ्याला मी माझ्या गाडीत कधी क्लीनर म्हणूनही घेतलं नसतं.

मध्ये वाडा-कुंभरोशीला प्रतापगडचा फाटा आहे. तिथे दोन-तीन तास दे. 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखान याच गडाच्या पायथ्याशी पडला, हे मुलांना शाळेत पाठ असतं. पण बुरुजावर उभं राहून जावळीचं खोरं पाहिल्याशिवाय खानाला इथेच का बोलावलं ते कळत नाही. उतरून कुंभरोशीला पिठलं-भाकरी खा. वर गेल्यावर तुम्हाला पिझ्झाच्या पाट्या दिसतील.

माथ्यावर पोचलास की बाजारात शिरू नकोस, आधी क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि आपली सावित्री. ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला उशीर झाला, त्याने गायत्रीला शेजारी बसवलं, तेव्हा ही रागावली, सगळ्यांना नद्या होण्याचा शाप देऊन बसली आणि स्वतः पश्चिमेच्या कड्यावरून उडी घेती झाली, अशी कथा आहे. बाकीच्या देशावर गेल्या, ही एवढी रुसून कोकणात आली. मामी म्हणते, म्हणूनच आमच्याकडच्या बायकांना नवऱ्याची वाट बघण्याचा कंटाळा.

मग आर्थर सीटला जा, संध्याकाळच्या आत. ज्याच्या नावाने तो कडा आहे त्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्हं मूल बाणकोटच्या खाडीत बुडालं, आणि तो इथे येऊन सावित्रीच्या दरीकडे बघत बसायचा, असं सांगतात. तू त्या खाडीवरून जंगलजेटीने आलेला असशील. तिथे लोक बाटलीची झाकणं खाली टाकून वाऱ्याने परत येतात का ते बघतात. दरीत पडलेली झाकणं कोण गोळा करणार? मुलांना पान टाकू दे. माकडांना खायला देऊ नकोस आणि हातात पिशवी उघडी धरू नकोस, चष्मासुद्धा नेतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलेलं दिसतं. त्यासाठी एक दिवस सूर्योदयाआधी उठा, बाकीचे दिवस झोपा. स्ट्रॉबेरी शेतावर जाऊन खा, तिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण कुणीतरी पाटीवर लिहिलं म्हणून महाग घेऊ नकोस. मध घ्यायचा तर मांघरचा विचार, मधाचं गाव आहे ते.

येताना याच वाटेने उतरणार असलास तर मामीसाठी लाल मुळे आणि गाजरं आण. स्ट्रॉबेरी आणू नकोस, घाट उतरेपर्यंत तिचा लगदा होतो. आणि जेटीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते जातानाच विचारून ठेव.